तुम्ही विचारलंत म्हणून: फिशरमन्स वार्फ, खिसा सांभाळून

सॅन फ्रान्सिस्कोला लेकीकडे नाहीतर मुलाकडे निघालेली मंडळी मला हमखास विचारतात, "ते खाडीकाठचं पर्यटकांचं ठिकाण, फिशरमन्स वार्फ, फार महागडं आहे म्हणे, जावं की नको?"

जावं. पण आधी स्वेटर घ्या.

चेष्टा नाही करत. उन्हाळा म्हणून माणसं अर्ध्या बाह्यांच्या शर्टात तिथे पोचतात. मग धुकं आत सरकतं, खाडीवरचा वारा कानात शिरतो आणि समोरच्या दुकानातलं, शहराचं नाव छापलेलं जॅकेट मुकाट्याने विकत घ्यावं लागतं. आमच्या घरात अशी दोन आहेत. त्या दिवसाच्या खर्चातला सगळ्यात मोठा आकडा तोच.

गाडी नेऊ नका, पार्किंगचे पैसे देताना जीव जातो. मार्केट स्ट्रीटवरून एफ लाइनची ट्राम घ्या. मिलानहून आणलेले 1928 सालच्या बनावटीचे लाकडी बाकांचे डबेही त्या मार्गावर धावतात आणि तिकीट साध्या बसचंच. केबल कारच्या (रस्त्याखालच्या दोराने ओढली जाणारी गाडी, आपला रोपवे नव्हे) एका फेरीच्या पैशांत अशा दोन फेऱ्या होऊन वर सुटे उरतात. केबल कार बघायचीच असेल तर हाइड स्ट्रीटच्या टोकाला जा. तिथे तिचे कर्मचारी अख्खी गाडी गोल चकतीवर हाताने ढकलून वळवतात. माझ्या मते बसण्यापेक्षा बघण्यातच मजा जास्त.

पियर 39 वर (पियर म्हणजे पाण्यात आत गेलेला धक्का) दुकानांत न रेंगाळता सरळ पश्चिमेच्या कठड्याशी जा. 1989 चा भूकंप झाला आणि थोड्याच महिन्यांत इथल्या बोटींच्या धक्क्यावर समुद्रसिंहांनी बस्तान बसवलं. शेवटी बोटींनाच दुसरीकडे जावं लागलं. एकमेकांच्या अंगावर चढून भुंकत असतात. वास मात्र सोसावा लागतो. जून-जुलैत बरेचसे विणीसाठी दक्षिणेकडे जातात, तेव्हा धक्का ओकाबोका दिसला तर मला बोल लावू नका.

आणि काहीही झालं तरी पियर 45 वरचं म्युझे मेकानिक चुकवू नका. नाणं टाकून चालणारी जुनी यंत्रं, तीनशेच्या आसपास, आणि आत जायला पैसे नाहीत. घरातून निघताना क्वार्टरची, म्हणजे 25 सेंटची नाणी मूठभर घ्या. दाराशीच काचेच्या पेटीत लाफिंग सॅल नावाची यांत्रिक बाहुली उभी आहे. लाल केस, पुढच्या दातांत फट. नाणं पडलं की कमरेत वाकून, हात हलवत असं खदाखदा हसते की आई आधी दचकून माझ्या मागे लपली. मग तिने स्वतःच दुसरं नाणं टाकलं. त्यानंतर भविष्य सांगणारी म्हातारी झाली, बाहुल्यांची सर्कस झाली. डॉलरला ऐंशीने गुणायचं ती विसरली, ते त्या सबंध मुक्कामात तेवढंच.

जेवणाचं म्हणाल तर ब्रेडच्या वाटीतलं चाऊडर, म्हणजे दाट सूप, बहुतेक शिंपल्यांचं असतं, आणि स्वस्तही नसतं. आम्ही डबा नेतो. अ‍ॅक्वाटिक पार्कच्या दगडी पायऱ्यांवर बसलं की समोर अल्काट्राझ, जुन्या तुरुंगाचं बेट. तिकडे जाणारी बोट पियर 33 वरून सुटते, तिकीट बरंच आधी काढावं लागतं; नाही मिळालं तर पायऱ्यांवरून दिसतो तुरुंग. त्या गारठ्यात पोहणारे लोक बघत निवांत जेवा.

डब्याचं झाकण मात्र उघडं ठेवू नका. सीगल टपलेले असतात. आमचा एक मेथीचा पराठा अल्काट्राझच्या दिशेने गेला.