स्टेम सेलचं इंजेक्शन, तेही ऑफरमध्ये

निपाणीच्या मामांना ॲटॅक येऊन गेल्यापासून घरात सगळेच डॉक्टर झालेत. परवा कुणीतरी त्यांच्या हातात पत्रक दिलं, पोटाच्या चरबीतनं स्टेम सेल, म्हणजे दुसऱ्या पेशी बनवणाऱ्या मूळ पेशी, काढून हार्टला देतो, हार्ट नवं होतंय, खर्च लाखांत. मामा म्हणाले, तू सायन्सवाला न्हवं, बघ जरा.

बघितलं की. खरं काम वेगळंच आहे आणि पत्रकापेक्षा लय भारी आहे. क्योटोच्या शिन्या यामानाकांनी २००६ ला उंदराच्या आणि २००७ ला माणसाच्या कातडीच्या पेशींत चार जीन घातले आणि त्या पेशी पार गर्भातल्या अवस्थेत मागं गेल्या, २०१२ ला नोबेल मिळालं. ह्या आयपीएस पेशी, म्हणजे मागं नेऊन बनवलेले स्टेम सेल. त्यांच्यापासून हार्टच्या पेशी करता येतात आणि त्या लॅबमधल्या बशीत आपल्या आपणच धडधडतात. मामींना व्हिडिओ दाखवला तर म्हणाल्या, अगं बाई, हे कुणाचं म्हणायचं?

कुणाचं, हाच तर मुद्दा. आपल्याकडं शंभरात साधारण चार जणांच्या एका जीनमधली, एमवायबीपीसी३ म्हणतात त्याला, डीएनएची २५ अक्षरं गळालेली असतात, आणि त्यांना हार्ट फेल व्हायचा धोका जास्त असतो. अशा माणसाचं थोडं रक्त घेऊन त्यातनं आयपीएस करायच्या, त्यांच्यापासून त्याच्याच हार्टच्या पेशी बशीत वाढवायच्या, बिघडतंय कुठं ते बघायचं, औषधं तिथंच ट्राय करायची, पेशंटला धक्का नाही. आपल्या बंगळूरच्या इनस्टेम ह्या स्टेम सेल संशोधन संस्थेत हार्टच्या अशा आजारांवर काम चाललंय.

उपचाराचं मात्र अजून पक्कं नाही. ओसाकात जानेवारी २०२० मध्ये अशा पेशींचा पातळ थर पेशंटच्या हार्टवर बसवला. पण मोठ्या ॲटॅकमध्ये शंभर कोटीपर्यंत पेशी मरतात, तेवढ्या वाढवायच्या कुठनं, आणि नव्या पेशी कच्च्या, स्वतःच्याच ठेक्यात चालणाऱ्या, माकडांवर केलं तेव्हा ठोके बिघडलेले. पत्रकातल्या चरबीच्या पेशी तर ह्या आयपीएस पेशी नव्हेतच. शिवाय आयसीएमआर, म्हणजे वैद्यकीय संशोधनाची सरकारी संस्था, तिच्या २०१७ च्या गाइडलाइन्समध्ये रक्ताचे ठरावीक आजार सोडून ट्रायलबाहेर स्टेम सेल उपचार नाही म्हणून सांगितलंय, आणि ट्रायल असली तर पेशंटकडनं पैसे घ्यायचे नसतात.

मामांना एवढंच म्हटलं, गोळ्या चुकवू नका आणि ती बिडी टाका आधी. बिडीचा विषय निघाला की मामांना ऐकू येत नाही. मग पत्रकावरच्या नंबरला मीच फोन लावला, सीटीआरआयचा, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला, रजिस्ट्रेशन नंबर द्या म्हटलं. पलीकडनं उत्तर आलं, सर ऑफर महिनाअखेरपर्यंतच आहे.