स्कॅनिंगचा अनुभव आवश्यक नाही

मंगळवार, रात्री उशिरा

नीरजाने पाठवलेली पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनपदाची, जाहिरात चांगली आहे. स्मरणशक्ती आणि मेंदूतल्या जोडण्या, म्हणजे माझाच विषय. दोन वर्षांचं पद, निधी मिळाला तर तिसरं. पायथनमध्ये प्रोग्रॅमिंग यायला हवं, मोठा डेटा हाताळलेला हवा. आणि शेवटी एक ओळ: स्वतः स्कॅनिंग केल्याचा अनुभव आवश्यक नाही.

संध्याकाळपासून ती ओळ डोक्यातून जात नाही.

माझी पीएचडी मेंदूच्या एमआरआय स्कॅनरच्या काचेसमोर गेली. पहिल्यांदा मशीनमध्ये जाणाऱ्या माणसाचे खांदे ताठरले की मला लगेच कळतं. केवढा आवाज होईल ते आधीच सांगायचं, दाबायचा रबरी चेंडू हातात द्यायचा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा नीट बसवायच्या, प्रत्येक रननंतर, म्हणजे स्कॅनच्या एकेका फेरीनंतर, दोन शब्द बोलायचे. डोकं मिलिमीटरच्या अंशाने हललं तरी जोडण्यांचे आकडे बदलतात. पुढे सफाईच्या कितीही पायऱ्या लावा, माणूस मुळात स्वस्थ पडून असेल तर त्या डेटाची सर कशालाच येत नाही. पण अर्जात हे लिहायचं कुठे? पेपरना रकाना आहे, फेलोशिपना आहे, कोडला आहे.

जाहिरात देणाऱ्यांचं काही चुकतंय असंही नाही, ते जास्त लागतं. 2022 साली ‘नेचर’मध्ये आलेला तो पेपर जर्नल क्लबमध्ये मीच मांडला होता. माणसामाणसांतल्या फरकांचा धागा मेंदूच्या स्कॅनमध्ये शोधायचा तर हजारो माणसं लागतात. वीस-पंचवीस जणांत दिसलेलं पुढच्या वीस-पंचवीस जणांत दिसेलच असं नाही. एकटीने हजारो माणसं कधी स्कॅन करायची? त्यापेक्षा इतरांनी गोळा करून संशोधकांना दिलेला डेटा आहेच: ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्टमध्ये हजाराहून जास्त माणसांचे स्कॅन आहेत, यूके बायोबँकेत तर त्याच्या कितीतरी पट. परवानगी घ्यायची आणि कामाला लागायचं. विज्ञानाचं भलं यातच आहे, हे मला मनापासून पटतं. मग एवढं का टोचतंय?

आईचा फोन आला होता. दोन वर्षांनी पुन्हा कुठे जाणार, हे तिने या वेळी विचारलं नाही. असो.

जेवणानंतर कनेक्टोमच्या काही फाइली उघडून बसले, फक्त कुणाचं डोकं किती हललं त्याच्या. एकाची रेघ सरळ, दुसऱ्याची श्वासाबरोबर हलणारी, तिसरा रनच्या शेवटी शेवटी चुळबुळायला लागलेला. त्याला पाठ दुखत असेल, नाहीतर झोप आवरत नसेल. त्या आकड्यांत मला पडून राहिलेला माणूस दिसतो, तो त्या सगळ्या वर्षांमुळेच. त्याच्याशीही कुणीतरी काचेपलीकडून बोललं असेल. त्या कुणाचं नाव पेपरवर असेल का, माहीत नाही.

शिवाय दुसरी वाटही आहेच. मिडनाइट स्कॅन क्लब नावाच्या अभ्यासात माणसं फक्त 10 होती, पण त्यांना मध्यरात्री पुन्हा पुन्हा स्कॅन केलं आणि एकेकाच्या मेंदूचा स्वतंत्र नकाशा मांडला. तिथे न हलणारा, परत यायला तयार असणारा माणूस हाच सगळा आधार. अशा कामाच्या जागा कमी निघतात, पण निघतात.

या जागेसाठीही अर्ज करणार आहे. स्कॅनिंगबद्दल एक पूर्ण परिच्छेद लिहिणार, आवश्यक नसला तरी. मुलाखत झाली तर विचारणार, तुमच्याकडे नवीन डेटा कोण गोळा करतं? शिफारसपत्रासाठी मॅडमना उद्या सकाळीच मेल टाकायला हवा, त्या गुरुवारपासून नाहीत.