वजा ३, मग तार उजवीकडं कशी?

दहावीपर्यंत आलेख म्हणजे तीन-चार बिंदू काढायचे आणि पट्टीनं जोडायचे. दारव्ह्याकडच्या आमच्या खेड्यातून अकरावी सायन्सला गेलो आणि आलेखाचा एकदम ग्राफ झाला. सर फळ्यावर म्हणायचे, एक्स स्क्वेअर (एक्सचा वर्ग) हे पॅरेंट फंक्शन, म्हणजे मूळ आलेख, बाकीचे त्याला सरकवून काढा. मी मात्र प्रत्येक गणिताला नवा तक्ता मांडायचो. चाचणीत अर्धा पेपर कोरा राहिला.

मग घरी बांधणीची तार घेतली. आलेखाच्या कागदावर (०,०), (१,१), (२,४) आणि तसेच डावीकडचे बिंदू काढले, पकडीनं तार त्यांवर वाकवली. ही माझी एक्स वर्गाची तार. अधिक २ आलं की दोन घरं वर. एक्स वर्गाच्या आधी वजाचं चिन्ह असलं की उलटी. सोपं.

अडलं ते (एक्स − ३) च्या वर्गाला. वजा आहे, तर डावीकडं जायला पाहिजे ना! तक्ता केला तर बूड, म्हणजे तारेचा सगळ्यात खालचा बिंदू, उजवीकडं, ३ वर. ‘कंसात सगळं उलटं’ असं घोकून ठेवलं, पण घोकलेलं मला ऐनवेळी दगा देतं.

त्याच आठवड्यात शेतातल्या लाईनची, म्हणजे विजेची, वेळ बदलली. बाबा म्हणाले, “आता तीन घंटे उशिरा येते. पहिले आठले मोटर लागे, आता अकराले लागते.” माझ्याकडं जुन्याच वेळा लिहिलेल्या. म्हणजे आज ११ ला लाईन आहे का हे बघायचं, तर जुन्या कागदावर ११ वजा ३, आठचं घर बघायचं. वजाबाकी जुन्या कागदात डोकावण्यापुरती. मोटर तर उशिराच लागते. पुढंच सरकली ती! वही तिथंच धुऱ्यावर उघडली: (एक्स − ३) म्हणजेही जुन्या तारेवर तीन घरं मागं बघायचं, म्हणून नवी तार तीन घरं उजवीकडं.

२ एक्स वर्गाला तार सरकवून भागत नाही. (१,१) जातो (१,२) वर, (२,४) जातो (२,८) वर. तार नव्यानं वाकवावी लागली, अरुंद.

तरी पुढच्या चाचणीत (२एक्स − ६) च्या वर्गाला मी बूड ६ वर ठेवलंच. सरांनी लाल पेनानं एवढंच लिहिलं: कंस शून्य कधी होतो? ३ ला. ती तार तर चौपट उंच, आणखी अरुंद. कंपासपेटीत आता तीन तारा आहेत.