कमलाबाईंचा जोडीदार : पेनसिल्व्हेनियातून पाहिलेली निवड

२१ जुलै २०२४ च्या रविवारी दुपारी जो बायडेन यांनी अध्यक्षपदाच्या शर्यतीतून माघार घेतली आणि पुढचे सव्वादोन आठवडे आमच्या भागात एकच विषय चघळला गेला : त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या कमला हॅरिस उपाध्यक्षपदासाठी जोडीला कोणाला घेणार? आमचा भाग म्हणजे फिलाडेल्फियाच्या पश्चिमेकडची उपनगरं, चेस्टर काउंटी. भारतीय वस्ती भरपूर, त्यात मराठीही बरेच. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, म्हणजे कर भरायचा, मत द्यायचं नाही. पण आमच्या घराच्या आधीच्या मालकाच्या नावाने येणारी प्रचाराची गुळगुळीत पत्रकं मलाच उचलून कचऱ्यात टाकावी लागतात. तेवढा लोकशाहीत सहभाग आहे.

सांगलीहून काकांचा फोन आला तेव्हा त्यांचा प्रश्न रास्त होता. "अगं, उपाध्यक्षासाठी एवढा गोंधळ कशाला? नाशिकराव तिरपुड्यांपासून आम्ही उपमुख्यमंत्री बघतोय. आता तर दोन-दोन आहेत."

काकांना समजावताना माझ्या लक्षात आलं की ही दोन पदं एकमेकांच्या नेमकी उलट आहेत. आपल्या उपमुख्यमंत्रिपदाचा राज्यघटनेत उल्लेखसुद्धा नाही, पण त्या माणसाकडे खाती असतात, फायली असतात, मागे आमदार असतात. रुसला तर सरकार हलतं. अमेरिकेचा उपाध्यक्ष घटनेतच आहे, पण काम म्हणाल तर सिनेटचं अध्यक्षपद आणि तिथे मतं समसमान पडली तर आपलं एक मत टाकणं. (हे एक मत कमलाबाईंनी चार वर्षांत ३३ वेळा टाकलं. तो विक्रम आहे. आधीचा, ३१ मतांचा, जॉन कॅल्हून यांच्या नावावर जवळजवळ दोनशे वर्षं होता.) बाकी अध्यक्ष देईल ते काम. पहिले उपाध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी १७९३ मध्ये बायकोला लिहिलेल्या पत्रातच आपल्या पदाइतकं क्षुल्लक पद माणसाने आजवर शोधलं नसेल, अशी तक्रार केली आहे.

आणि तरीही अध्यक्ष गेला की त्याच क्षणी उपाध्यक्ष अध्यक्ष होतो, उरलेली सगळी मुदत. आपल्याकडे १९६९ मध्ये झाकीर हुसेन गेले तेव्हा व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले आणि सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावी लागली. इथे तशी निवडणूक नाही. १९४५ मध्ये रूझवेल्ट वारले तेव्हा हॅरी ट्रुमन यांना उपाध्यक्ष होऊन ८२ दिवस झाले होते आणि अणुबॉम्बचं काम कुठवर आलंय हे त्यांना कोणी धड सांगितलेलंही नव्हतं. आतापर्यंत नऊ उपाध्यक्ष असे वरच्या खुर्चीत गेले, आठ जण मृत्यूमुळे आणि फोर्ड राजीनाम्यामुळे.

काकांना हे पटलं. माझं मात्र म्हणणं असं की यातलं काहीही त्या सव्वादोन आठवड्यांत कोणी बोलत नव्हतं. हा माणूस उद्या देश चालवेल का, हा प्रश्न टीव्हीवर तोंडी लावण्यापुरता. खरी चर्चा पुढच्या तीन महिन्यांची : उमेदवारात काय कमी आहे आणि ते कोण भरून काढेल.

कमलाबाई कॅलिफोर्नियाच्या, वकील, स्त्री, कृष्णवर्णीय आणि अर्ध्या तमिळ. तेव्हा जोडीला मधल्या कुठल्या तरी राज्यातला गोरा पुरुष हवा, हे कोणी मोठ्याने न म्हणता सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. मिशिगनच्या गव्हर्नर (म्हणजे निवडून आलेल्या, आपल्या मुख्यमंत्र्यांसारख्या) ग्रेचेन व्हिटमर यांनी आपण होऊन नाव बाजूला ठेवलं. नॉर्थ कॅरोलायनाचे रॉय कूपरही बाजूला झाले. त्यांचं कारण मला फार आवडलं : तिथल्या घटनेप्रमाणे गव्हर्नर राज्याबाहेर गेला की अधिकार लेफ्टनंट गव्हर्नरकडे जातात, आणि ते महाशय विरुद्ध पक्षाचे. प्रचाराला बाहेर पडावं आणि मागे घरात भलत्यानेच बस्तान मांडावं, अशी गत. केंटकीचे अँडी बशीर यांचं नावही होतं. ट्रम्प यांनी २०२० मध्ये जे राज्य २६ टक्क्यांच्या फरकाने जिंकलं, तिथे हे गृहस्थ २०२३ मध्ये डेमोक्रॅट म्हणून दुसऱ्यांदा निवडून आले. मोठीच गोष्ट, पण केंटकी काही त्यांच्यामुळे फिरणार नव्हतं.

शेवटी उरले तीन.

आमचे जॉश शपीरो. "आमचे" असं इथे विरोधकही म्हणतात. २०२२ मध्ये ते जवळपास १५ टक्क्यांच्या फरकाने गव्हर्नर झाले. आमच्यासारख्या अटीतटीच्या राज्यात हे भलतंच. पण लोकांच्या मनात ते बसले ते एका पुलामुळे. जून २०२३ मध्ये ईशान्य फिलाडेल्फियात आय-९५ महामार्गाखाली पेट्रोलचा टँकर पेटला आणि वरचा रस्ता खाली आला. मेनपासून फ्लोरिडापर्यंत जाणारा हा रस्ता. दुरुस्तीला महिने लागतील असं जो तो म्हणत होता. शपीरोंनी खालची पोकळी काचेच्या भुग्यापासून बनवलेल्या हलक्या खडीने भरून घेतली, वर तात्पुरता रस्ता टाकला आणि १२ दिवसांत वाहतूक सुरू केली. त्या कामाचं चोवीस तास थेट प्रक्षेपण चालू होतं. माझ्या ऑफिसात लोक एका पडद्यावर एक्सेल आणि दुसऱ्यावर रोलर बघत बसायचे. शेवटी पाऊस आला तेव्हा डांबर सुकवायला पोकोनोच्या मोटारशर्यतीच्या ट्रॅकवरचं जेट इंजिनाचं यंत्र आणलं. मुंबई-गोवा महामार्गावर वाढलेल्या माणसाला हे पाहून काय वाटलं असेल ते मी लिहीत नाही.

पेनसिल्व्हेनियाची इलेक्टोरल मतं (अध्यक्ष निवडण्यासाठी राज्याच्या वाट्याला येणारी मतं) १९, अटीतटीच्या राज्यांत सगळ्यांत जास्त. २०१६ मध्ये ट्रम्प इथे सुमारे ४४ हजारांनी जिंकले, २०२० मध्ये बायडेन सुमारे ८० हजारांनी. म्हणजे शपीरोंना घ्या आणि मोकळे व्हा, असं वरवर दिसतं. पण त्यांच्या विरोधातही बरंच होतं. खाजगी शाळांसाठी सरकारी पैसे देण्याला त्यांचा पाठिंबा, म्हणून शिक्षक संघटना नाराज. गाझा युद्धाच्या वेळी पेन विद्यापीठातला आंदोलक विद्यार्थ्यांचा तळ उठवावा असं ते उघडपणे म्हणाले, म्हणून तरुण डावे नाराज. ते स्वतः धार्मिक ज्यू. त्यामुळे ही नाराजी भूमिकेवर किती आणि माणसावर किती, यावर आमच्याकडे जेवणाच्या टेबलांवर कडाक्याचे वाद झाले. तिघांतले मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ यांचीही इस्रायलबद्दलची मतं फार वेगळी नव्हती, पण त्यांना कोणी एवढं खोदून विचारलं नाही. मला ते खटकलं.

दुसरे मार्क केली, ॲरिझोनाचे सिनेटर. कागदावर यांच्याइतकं भारी नाव नाही. नौदलाचे लढाऊ वैमानिक, मग अंतराळवीर. पत्नी गॅबी गिफर्ड्स खासदार असताना २०११ मध्ये त्यांच्या डोक्यात गोळी घातली गेली. त्यातून त्या वाचल्या आणि दोघंही बंदूक नियंत्रणाच्या कामात उतरले. ॲरिझोना मेक्सिकोच्या सीमेवरचं राज्य, आणि सीमेवरून होणारं स्थलांतर हेच कमलाबाईंचं दुखणं. पण कामगार संघटनांना हव्या असलेल्या कायद्याच्या विधेयकाला केलींनी बराच काळ पाठिंबा दिला नव्हता, आणि मुख्य म्हणजे भाषण करताना समोरच्यांना जांभई यावी असा माणूस. अवकाशात जाऊन आलेल्या माणसाला "बोअर" म्हणणारा देश मी तरी दुसरा पाहिला नाही.

तिसरे टिम वॉल्झ. जुलैच्या मध्यात आमच्या गल्लीत त्यांचं नाव कोणी ऐकलंही नव्हतं. जन्म नेब्रास्काचा, मँकेटो गावात हायस्कूलचे भूगोलाचे मास्तर, फुटबॉलचे प्रशिक्षक, नॅशनल गार्डमध्ये २४ वर्षं, मग १२ वर्षं खासदार, मग गव्हर्नर. २०२३ मध्ये त्यांनी मिनेसोटातल्या शाळांत सगळ्या मुलांना नाश्ता आणि जेवण मोफत केलं. सही केल्यावर पोरं त्यांना गराडा घालून बिलगली, तो फोटो सगळीकडे फिरला. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या खिचडीवर वाढलेल्यांना यात नवल वाटणार नाही, पण इथे जेवणाचे पैसे थकले म्हणून मुलाच्या हातातला ट्रे काढून घेतल्याच्या बातम्या येतात. जुलैच्या शेवटी वॉल्झ टीव्हीवर ट्रम्प आणि त्यांचे जोडीदार व्हान्स यांच्या मंडळींना "ही माणसं विचित्र आहेत" एवढंच म्हणाले आणि दोन दिवसांत पक्षातला प्रत्येक जण तेच म्हणू लागला. आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांनी त्याच आठवड्यात निकाल देऊन टाकला : "वर्ग सांभाळता येणारा एकच आहे यांच्यात."

या सगळ्यांची कसून चौकशी चालू होती. करपत्रं, जुने खटले, कॉलेजात लिहिलेले लेख, बायकोचे व्यवसाय. स्थळाची चौकशी करणारी आत्याही लाजेल असा प्रकार. ती उगाच नसते. १९७२ मध्ये डेमोक्रॅट उमेदवार मॅकगव्हर्न यांनी घाईघाईत टॉमस ईगलटन यांना घेतलं. नैराश्यासाठी त्यांना विजेचे झटके दिले होते हे मागाहून बाहेर आलं आणि १८ दिवसांत त्यांना जावं लागलं. एरवी या चौकशीला महिने मिळतात. कमलाबाईंच्या माणसांकडे जेमतेम दोन आठवडे होते. चौकशीचं काम माजी ॲटर्नी जनरल एरिक होल्डर यांच्याकडे होतं. चौकशी करणाऱ्यावरूनच आठवलं : २००० मध्ये धाकट्या बुश यांच्यासाठी उमेदवार शोधायचं काम डिक चेनी यांच्याकडे दिलं होतं, आणि शोधता शोधता ते स्वतःच सापडले. बुश आणि चेनी दोघंही टेक्सासचे रहिवासी. अध्यक्ष निवडणारे एका राज्याचे प्रतिनिधी अध्यक्ष आणि उपाध्यक्ष अशी दोन्ही मतं आपल्याच राज्याच्या माणसांना देऊ शकत नाहीत असं घटनेत आहे, म्हणून चेनींनी झटपट आपली मतदार नोंदणी वायोमिंगला हलवली. २०२४ मध्ये फ्लोरिडाचे तेव्हाचे सिनेटर मार्को रुबियो यांच्या आड हीच अडचण येत होती, कारण ट्रम्पही फ्लोरिडाचे. ट्रम्प यांनी अखेर ओहायोचे जे. डी. व्हान्स निवडले. तिकडे तोल साधायचा प्रश्नच नव्हता. आपल्यासारखाच, फक्त तरुण, असा माणूस घेतला. त्यांची पत्नी उषा तेलुगू घरातली, त्यामुळे आमच्या आंध्रातल्या मित्रमंडळींची आठवडाभर फार ओढाताण झाली.

रविवारी, ४ ऑगस्टला, तिघांनाही वॉशिंग्टनमध्ये कमलाबाईंच्या सरकारी निवासस्थानी बोलावलं. तुमच्याकडे त्या दिवशी गटारी होती. आमच्याकडे तोपर्यंत सगळे शपीरोच धरून चालले होते, कारण नव्या जोडीची पहिली सभा मंगळवारी फिलाडेल्फियात ठरली होती आणि शहराच्या महापौर शेरेल पार्कर यांच्याकडून शपीरोंचं नाव जवळपास जाहीर करणारा व्हिडिओच आधी शुक्रवारी बाहेर पडला होता.

मंगळवारी सकाळी नाव आलं, वॉल्झ. संध्याकाळी टेम्पल विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये सभा झाली. मी घरी बसून पाहिली. आधी शपीरो बोलायला उठले, आणि ज्याला घेतलं नाही त्याने असं काही भाषण ठोकलं की सभागृह डोक्यावर घेतलं गेलं. आवाज चढवणं, मध्येच थांबणं, हात, सगळं ओबामांच्या वळणाचं. मग वॉल्झ आले, घामेजलेले, खूश, हात जोडत, वाकत. शेजारच्या बाईंचा मेसेज आला : टाळ्यांची चिन्हं, ओळभर.

उपाध्यक्षाच्या उमेदवाराने त्याचं राज्य मिळतं, या हिशेबाबद्दल मला तेव्हाही शंका होती. १९८८ मध्ये डेमोक्रॅटांनी टेक्सासचे बेन्टसन घेतले, टेक्सास गेलं. २००४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाचे एडवर्ड्स, तेही गेलं. २०१२ मध्ये रिपब्लिकनांनी पॉल रायन घेतले आणि विस्कॉन्सिन ओबामांकडेच राहिलं. १९६० मध्ये केनेडींना जॉन्सनमुळे टेक्सास मिळालं, आणि त्या एका उदाहरणावर पुढची साठ वर्षं सगळे पंडित जगले. उलट क्लिंटन यांनी १९९२ मध्ये शेजारच्याच राज्यातला, जवळपास आपल्याच वयाचा अल गोर घेतला. तोलाचा पार बोजवारा, आणि जिंकले.

५ नोव्हेंबरला ट्रम्प यांनी सातही अटीतटीची राज्यं घेतली, ३१२ विरुद्ध २२६. पेनसिल्व्हेनिया सुमारे एक लाख वीस हजार मतांनी गेलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात, शपीरो असते तर, हे वाक्य कॉफीच्या मशीनपाशी सतत कानावर पडत होतं. असते तर कदाचित आमचं राज्य वाचलं असतं, मी नाही म्हणत नाही. पण १९ इकडून तिकडे केली तरी २९३ विरुद्ध २४५ होतात. जिंकायला लागणाऱ्या २७० साठी आणखी दोन राज्यं लागली असती, आणि मिशिगनमधले अरब मतदार शपीरोंच्या नावावर कसे वागले असते ते आपण कल्पनाच करायची.

पुढे कमलाबाईंनी आपल्या पुस्तकात लिहिलं की त्यांच्या मनातलं पहिलं नाव तिघांपैकी कोणीच नव्हतं. ते होते बायडेन यांचे वाहतूकमंत्री पीट बुटिजेज. पण कृष्णवर्णीय स्त्रीच्या जोडीला समलिंगी पुरुष हे एकाच वेळी देशाकडून जास्तच मागणं होईल, असं त्यांना वाटलं. हे वाचून बुटिजेज म्हणाले की अमेरिकनांवर माझा याहून जास्त विश्वास आहे. काकांना हे फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "मग केली काय वाईट होता?"

मलाही केलीच हवे होते.