रविवारी आम्ही मोठ्याने वाचतो

आमच्या बिल्डिंगमध्ये रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात चटया टाकून आम्ही सगळे मिळून मोठ्याने वाचतो. सगळे म्हणजे दुसरीपासून नववीपर्यंतची पोरं, काहींच्या आया, कधी एखादा बाबा, आणि सहाव्या मजल्यावरचे आजोबा, जे पाऊस असो नाहीतर मॅच असो, कधी चुकवत नाहीत. लालबागमधली आमची जुनी चाळ पाडून त्या जागी हा टॉवर उभा राहिला. चाळीत गॅलरी होती, कोण काय काम करतं, कोण किती वाजता दमून घरी येतं हे पोरांना आपोआप दिसायचं, आता दार लावलं की संपलं, समोरच्या घरात कोण राहतं तेही नीट माहीत नसतं. पोरांचं मराठी वाचन सुधारावं हा हेतू होताच, पण मला त्याहून जास्त वाटत होतं की रोज आपल्या दारापर्यंत येऊन आपलं काम करून जाणारी जी माणसं आहेत ती पोरांच्या नजरेला पडली पाहिजेत.

पद्धत एकदम साधी आहे. पुस्तक एकच, ते हातोहात फिरतं, प्रत्येकाने अर्धं पान वाचायचं आणि मध्ये कोणालाही प्रश्न पडला तर तिथेच थांबायचं. बहुतेक पोरं इंग्लिश मीडियमची, त्यामुळे जोडाक्षर आलं की गाडी अडते, मग बाकीच्यांनी गप्प बसून वाट बघायची, शब्द पुढे करायचा नाही, तो ज्याचा त्यालाच फोडू द्यायचा. सुरुवातीला फार अवघड गेलं हे. मोठी पोरं कुजबुजायची, छोट्यांना रडू यायचं. पण मला वाटतं दयामाया वगैरे जे आपण म्हणतो ना ते पोरं आधी इथेच शिकली, दुसऱ्याला वेळ लागतोय तर तो द्यायचा, त्याच्या तोंडाकडे बघत हसायचं नाही, एवढंच. मनात वाचताना आपण नको ते पटकन ओलांडून पुढे जातो, मोठ्याने वाचताना तसं करता येत नाही, आणि चार जण ऐकत असले की एकाच्या लक्षात न आलेली गोष्ट दुसऱ्याच्या लक्षात येतेच.

एकदा नारायण मेघाजी लोखंडे यांच्यावरचा एक लेख वाचायला घेतला. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आठवड्याला एक दिवस सुट्टी मिळावी म्हणून सभा घेतल्या, अर्ज केले, त्या सभांमध्ये कामगार बायकासुद्धा उभ्या राहून बोलल्या, आणि १० जून १८९० पासून गिरण्यांना रविवारची सुट्टी लागू झाली. पोरं थक्कच झाली. रविवारची सुट्टी कोणीतरी भांडून मिळवलेली असेल असं त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं, त्यांना वाटायचं ती कॅलेंडरमध्ये असतेच! आणि हे सगळं आमच्याच भागात घडलेलं, जिथे आता मॉल आणि ऑफिसं आहेत तिथल्या गिरण्यांमधलं. मग चौथीतल्या एका मुलाने विचारलं, मग आपल्या वॉचमन अंकलना रविवारी सुट्टी का नाही? कोणाकडेच उत्तर नव्हतं. आजोबा स्वतः गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होते, ते म्हणाले, लोखंडेंनी हाच प्रश्न विचारला होता बाळा, फक्त त्यांनी तो मालकाला विचारला.

त्यानंतर पोरांनी यादीच काढली, आज रविवारी आपल्यासाठी कोण कोण कामावर आहे. दूधवाला, पेपरवाला, जिना झाडणारा दादा, महापालिकेच्या कचऱ्याच्या गाडीवरची माणसं, बेस्टचे ड्रायव्हर-कंडक्टर, लोकलचे मोटरमन, केईएमच्या सिस्टर आणि वॉर्डबॉय. यादी संपेचना. आणि एकजण हळूच म्हणाली, माझी आई पण लिहा.

त्या वाक्यावरून मला माझी आजी आठवली. आजी खानावळ चालवायची. गिरणगावात गावाकडून एकटे आलेले कामगार खोलीत दाटीवाटीने राहायचे आणि जेवायला आसपासच्या बायकांकडे जायचे, पहाटेच्या पाळीला जाणाऱ्यांसाठी आजी अंधारात उठून भाकऱ्या थापायची, रात्रपाळीवाल्यांसाठी पुन्हा चूल. गिरण्या चालल्या त्या या बायकांच्या भाकरीवर, असं मी म्हणते आणि त्यात काही वाढवून सांगत नाही. पण कुठल्याही कागदावर या बायका कामगार नव्हत्या, पगारपत्रक नाही, रजा नाही, भांडवल लागलं तर सावकार. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं, खानावळवाल्या बायकांना एकत्र केलं, बँकेकडून कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे त्यांच्या कामाला बाहेरच्या जगाने काम म्हटलं. आजही शाळेच्या फॉर्मवर आईचा व्यवसाय या रकान्यात पोरं बिनधास्त ‘काही नाही’ लिहितात आणि आपण आयाच ते लिहायला सांगतो. आमच्या वाचनातल्या दोन मुलींनी आता ते लिहिणं बंद केलंय, घरकाम असं स्पष्ट लिहितात, मला फार बरं वाटलं ते बघून.

आषाढात आम्ही जनाबाईचे अभंग काढले. पोरांना कठीण जातील असं वाटलं होतं, पण सगळ्यात जास्त तेच रंगले. नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबलेली ही बाई, दळण, कांडण, पाणी, झाडलोट, सगळं तिच्या अभंगात येतं आणि विठोबा तिच्या बरोबरीने कामाला लागतो. ‘झाडलोट करी जनी, केर भरी चक्रपाणी, पाटी घेऊनियां शिरीं, नेऊनियां टाकी दुरी’. म्हणजे तिने झाडायचं, देवाने केर भरायचा, आणि पाटी डोक्यावर घेऊन लांब नेऊन टाकायचा. एका छोट्याने विचारलं, देवाच्या डोक्यावर कचरा? मुकुटावर? आणि मग बराच वेळ पोरं हाच विचार करत होती की पाटीतून काही सांडलं असेल का, ओलं असेल का, वास आला असेल का. मी मध्ये काही बोलले नाही. सातशे वर्षांपूर्वीच्या बाईने देवाला कचरा उचलायला लावला आणि आपण अजून कचरा उचलणाऱ्याच्या हातचं पाणी प्यायला कचरतो, हे पोरांना मला सांगावं लागलं नाही, मोठ्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं.

त्याच संध्याकाळी ठरलं की आपला कचरा पुढे कुठे जातो ते बघायचं. मुंबईचा रोजचा कचरा काही हजार टनांत मोजतात, त्यातला कितीतरी देवनार आणि कांजूरमार्गला जातो, देवनारचं डम्पिंग ग्राउंड तर १९२७ पासूनचं आहे, हे सगळं वाचून झालं, पण पोरांना पटलं ते आमच्या जिन्यावरच. आमच्याकडे हाऊसकीपिंगचा जो दादा येतो तो पिशवी उचलताना आधी एका बोटाने वरून दाबून बघतो, मग ती पायापासून लांब धरतो, अगदी हात ताठ करून, आणि त्या अवघडलेल्या हाताने सगळे मजले उतरतो. पोरांनी विचारलं का असं, तर त्याने पोटरी दाखवली. काच. कोणीतरी फुटलेला ग्लास तसाच पिशवीत टाकलेला, चालताना ती प्लास्टिक फाडून बाहेर आली. अंगठ्याजवळ अजून एक वण होता, तो ट्यूबलाइटचा. त्याने हे काही तक्रार म्हणून सांगितलं नाही, पोरांनी विचारलं म्हणून सांगितलं, आणि लगेच पुढच्या मजल्यावर गेला.

पुढच्या रविवारी पुस्तक उघडलंच नाही. जुने पेपर, खोके, सेलोटेप आणि लाल मार्कर घेऊन बसलो. काच आधी जाड पेपरात दोनदा गुंडाळायची, मग खोक्यात, खोक्याला चारी बाजूंनी टेप, वर मोठ्या अक्षरात ‘काच’. ब्लेड आणि सुया झाकणाच्या डब्यात. सॅनिटरी पॅड वेगळ्या कागदात बांधून लाल खूण, घनकचऱ्याच्या नियमांतच आहे की ते वेगळं गुंडाळून द्यायचं, पण घरोघरी हा विषय बोलायचीच लाज. नववीतल्या मुलीने सगळ्यांसमोर, बाबा लोकांसमोरसुद्धा, शांतपणे समजावून सांगितलं. मला तिचा इतका अभिमान वाटला ना. ओला-सुका तर आता ही पोरंच घरी तपासतात, आणि आईबापांना ओरडतात.

मला आदर या गोष्टीबद्दल एवढंच म्हणायचंय, की तो समोरच्याच्या हाताला, पाठीला, वेळेला कळला पाहिजे. कामगार दिनाला फूल द्या, फोटो काढा, माझी हरकत नाही, पण त्याच दिवशी पिशवीत काच असेल तर त्या फुलाचं काय करायचं त्याने?

मोठ्या पोरांबरोबर कधीकधी पेपरातल्या बातम्याही वाचतो. गटारात उतरून गुदमरून माणसं मेल्याची बातमी असते, दर थोड्या दिवसांनी असतेच. हाताने मैला साफ करायला लावणं २०१३ च्या कायद्याने बंद आहे, सुरक्षेशिवाय गटारात माणूस उतरवणं हा गुन्हा आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूंची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. तरी माणूस उतरतोच, कारण कंत्राटदाराला माणूस मशीनपेक्षा स्वस्त पडतो आणि त्या माणसाला नाही म्हणायची सोय नसते, कित्येकदा तर त्याची जात बघूनच त्याला ते काम दिलेलं असतं. हे वाचताना पोरांचा आवाज बसतो. बसू दे. सगळं गोड करून सांगायचं नाही असं मी ठरवलंय.

वाचनाला आता एक मुलगी येते, तिची आई आमच्या बिल्डिंगमध्ये चार घरी केर-लादी-भांडी करते. महापालिकेच्या मराठी शाळेत सहावीला आहे. ती वाचते तेव्हा सगळे ऐकत राहतात, इतकं स्वच्छ, कुठे थांबायचं कुठे नाही ते तिला बरोबर कळतं, आणि आमची पोरं अडली की आता माझ्याकडे न बघता तिच्याकडे बघतात. तिला नारायण सुर्वे फार आवडले. रस्त्यावर सोडून दिलेलं बाळ, गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी उचलून घरी आणलं, आपलं नाव दिलं, त्या पोराने लहानपणापासून मिळेल ते काम केलं, गिरणीत राबला, महापालिकेच्या शाळेत शिपाई झाला, मग शिक्षक झाला, आणि मराठीतला एवढा मोठा कवी, १९९८ मध्ये पद्मश्री. ती म्हणाली आमच्या शाळेतले शिपाई काका पण वहीत काहीतरी लिहीत असतात, विचारते त्यांना.

तिच्या आईचं मात्र एक आहे, रविवारी तिला यायचं असतं पण यायला जमत नाही, कारण तिलाही रविवारी काम असतंच. घरेलू कामगारांसाठी २००८ चा कायदा आहे महाराष्ट्रात, कल्याण मंडळ आहे, नोंदणी होते, पण सुट्टी किती आणि खाडा कसा धरायचा ते अजून प्रत्येक घरातली मालकीणच ठरवते. ती ज्या घरी जाते त्या आम्ही चौघी बसून बोललो. महिन्याला चार सुट्ट्या पगारी, चारही घरांच्या एकाच दिवशी, नाहीतर सुट्टीचा उपयोग काय, एका घरची सुट्टी आणि तीन घरी काम. आजारपणाचा खाडा कापायचा नाही. दिवाळीला एक पगार जास्त. एकीला जड वाटलं, तिच्या घरी खरंच ओढाताण आहे, तिने सांगितलं तसं मोकळेपणाने, मग त्या घरचा दिवाळीचा जास्तीचा पगार दोन हप्त्यांत द्यायचं ठरलं आणि कामाच्या मावशींना ते चाललं.

आता राहिली लिफ्ट आणि टॉयलेट. आमच्याकडे कामवाल्यांनी मागची लिफ्ट वापरावी असा बोर्ड आहे, आणि वॉचमन, हाऊसकीपिंग आणि घरकामाच्या बायका यांच्यासाठी अख्ख्या आवारात एकच संडास, त्याला कडी नीट लागत नाही, बायका दिवसभर पाणीच कमी पितात. हे मला वाचनात आलेल्या एका आईने सांगितलं, तिला तिच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी सांगितलं होतं. बोर्ड काढणं आणि बायकांसाठी वेगळं, दिवा-पाणी-कडी असलेलं टॉयलेट, हे दोन्ही विषय आम्ही एजीएमच्या, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेच्या अजेंड्यावर लेखी दिलेत, सेक्रेटरींनी घेतलेत. सह्या गोळा करताना पोरं बरोबर होती, काही दारं उघडली नाहीत, काहींनी वाद घातला, आजोबा मात्र सगळ्या मजल्यांवर आमच्याबरोबर आले आणि जो कोणी खर्चाचं विचारेल त्याला अंदाजपत्रकाचा कागद काढून दाखवत होते. एजीएम पुढच्या महिन्यात आहे.