माझ्या आधारला माझाच नंबर नव्हता

भाऊबीज झाली, दुसऱ्या दिवशी लातूरहून परभणीच्या गाडीत बसले आणि पर्स गेली. कुठं गेली ते अजून कळलेलं नाही. दिवाळीची गर्दी, आपल्याला अर्धं तिकीट झाल्यापासून तर गाडीत बाया जास्ती आणि गडी कमी असतात, लेक मांडीवर झोपलेली, पायात आईनं दिलेली चिवडा अनारशाची पिशवी, एका हातानं वरचा दांडा धरलेली बाई माझ्या खांद्यावर रेललेली. अंबाजोगाईला पर्स होती हे नक्की, कारण तिथं लेकीसाठी केळी घेतली. परळीला बघितलंच नाही. गंगाखेडला लेक उठली, पाणी मागितलं, बाटली काढायला हात घातला तर खांद्याला नुसती ओढणी.

कंडक्टर मास्तर भला माणूस होता, गाडी स्टँडवर पाच मिनिटं जास्ती थांबवली, सगळ्यांनी आपापल्या सीटखाली वाकून बघितलं, कुणाचा तरी करंज्यांचा डबा सापडला, माझी पर्स काही सापडली नाही.

आता त्यात काय होतं ते सांगते म्हणजे तुम्हीपण मला नवऱ्यासारखंच बोलाल. आधार, पॅन, स्कुटीचं लायसन, मतदान कार्ड, एटीएम. सगळी ओरिजिनल. वरून शाळेचा प्रवेश निर्गम उतारा, म्हणजे शाळेच्या रजिस्टरातल्या नोंदीची नक्कल, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून. 2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेटचा, म्हणजे जुन्या नोंदीवरनं मराठ्यांना कुणबी दाखला द्यायचा, जीआर निघाल्यापासून आमच्या गावाकडं ज्याच्या त्याच्या हातात जुना कागद आहे, लग्न झालेल्या बाईची जात बापाकडच्या कागदावरनंच ठरते, म्हणून भावानं शाळेतनं माझापण उतारा काढून ठेवला होता. तोच घेऊन यायलते. पैसे अकराशे चाळीस. ते गेल्याचं वाईट वाटायला पुढं वेळच मिळाला नाही.

मोबाईल हातात होता एवढं नशीब. एटीएम गाडीतूनच फोन करून ब्लॉक केलं. घरी आले तर ह्यांचा पहिला प्रश्न, "सगळं एकाच ठिकाणी कामून ठेवलतंस?" आत्याबाई म्हणल्या, आधी तिला पाणी तर पिऊ दे.

दुसऱ्या दिवशी पोलिसात. तिथं पहिला घोळ हद्दीचा. गाडी तीन जिल्ह्यांतून आलेली, पर्स नेमकी कुठं गेली मला माहीत नाही, मग नोंद कुठं करायची. दुसरा घोळ, चोरी का हरवलं? हवालदार विचारायलेत, "ताई, कुणाला घेताना बघितलं का?" नाही बघितलं. "मग हरवलं लिहा." आता नवीन कायद्यात, म्हणजे 1 जुलै 2024 पासून जो लागू झाला त्यात, झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात देता येतो, हद्दीचं कारण चालत नाही, हे मला माहीत होतं. पण चोरीच झाली असं छातीठोक मलाच सांगता येईना. मला कागद परत काढायला पोच पाहिजे होती. ती हरवल्याची नोंद महाराष्ट्र पोलिसांच्या वेबसाईटवर लॉस्ट अँड फाउंडमध्ये घरबसल्यापण होते, हे ठाण्यात दोन तास बसल्यावर शेजारच्या पोरानं सांगितलं. तुम्ही आधी ते बघा. फक्त डोळ्यादेखत पर्स ओढून नेली असेल तर "हरवली" लिहून देऊ नका, तिथं एफआयआरच.

पोच मिळाली. मला वाटलं झालं आता, एकेक कार्ड ऑनलाईन मागवायचं. आधार हरवलं तर नवीन नंबर मिळत नाही, नंबर जन्माला एकच, फक्त कार्ड परत छापून घ्यायचं, ते एटीएमसारखं पीव्हीसीचं कार्ड तेव्हा, 2025 ला, 50 रुपयात घरी यायचं. पण त्याला नंबर तर पाठ पाहिजे! बारा आकडे. मला नवऱ्याचा पाठ आहे, लेकीचा पाठ आहे कारण शाळेत सारखा लागतो, माझा नाही. मग झेरॉक्सची शोधाशोध. आमच्या घरात आधारच्या झेरॉक्स नुसत्या लोळत असतात पण पाहिजे तेव्हा एकपण सापडंना. शेवटी तुरीच्या डाळीच्या डब्याखाली सापडली. लाडक्या बहिणीचा फॉर्म भरताना काढलेली जास्तीची प्रत, आत्याबाईंनी डबा डुगडुगायलाय म्हणून चार घड्या घालून खाली टेकण दिलेली. त्यावर तेलाचा डाग, माझ्या फोटोत नाकाच्या जागी भोक, पण बारा आकडे बरोबर. मी तो कागद इस्त्री केला. खरंच केला, हसू नका.

नंबर टाकला, कॅप्चा टाकला, ओटीपी पाठवा दाबलं. ओटीपी आलाच नाही. परत दाबलं. मग खाली नीट बघितलं तर स्टारस्टारस्टार आणि शेवटचे चार आकडे. ते माझे नव्हतेच.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. आधार काढलं 2013 ला, तेव्हा लग्न व्हायचं होतं, माझ्याकडं मोबाईलच नव्हता, शिबिरात बारक्या भावाचा नंबर दिलता. ते सिम त्यानं कधीच फेकून दिलं. लग्नानंतर लेकीच्या शाळेसाठी आधारवर नाव आणि पत्ता बदलला पण मोबाईलचं काही कुणी विचारलं नाही आणि मीपण सांगितलं नाही. बंद पडलेला नंबर 90 दिवस झाले की कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. म्हणजे माझे ओटीपी कुणाच्या तरी खिशात टिंगटिंग वाजायलेत.

ह्यांनी डोकं लढवलं, "फोन लाव की त्याला, ओटीपी विचारून घे." भावाला विचारून लावला. एक म्हातारे बाबा बोलले, मागं बैलाच्या घुंगरांचा आवाज, म्हणले नांदेडकडचा हाय, कोण पाहिजे? मी म्हणलं बाबा तुमच्या मोबाईलवर आत्ता एक मेसेज आला असेल. बाबा म्हणले, "माय, बँकवाल्यानं सांगितलंय, कुणाला नंबर सांगायचा नाही." आणि फोन ठेवला. राग यायला पाहिजे होता पण काय बोलणार, बाबांचंच बरोबर होतं. सगळे असे वागले तर अर्धे फ्रॉड बंद पडतील.

मोबाईल नंबर बदलायला तेव्हा ओटीपी चालत नव्हता, केंद्रावर जाऊन बोटं टेकवावी लागायची. कागद एकपण लागत नाही, फक्त आधार नंबर आणि तुम्ही स्वतः. फी ऑक्टोबर 2025 पासून 75 रुपये झालीय, आधी 50 होती. आणि मी गेले कधी, तर लाडकी बहीणची केवायसी चालू होती तेव्हा. बाया पहाटेपासून चपला ओळीत लावून गेलत्या. चपलांचा नंबर! माझी चप्पल एकोणचाळिसावी. दोन दिवस सर्व्हर डाऊन, तिसऱ्या दिवशी माझा नंबर आला तर अंगठा घेईना. भांडी, धुणं, दिवाळीला अनारशाचं पीठ मळून बोटं अशी गुळगुळीत. ऑपरेटर पोरगी शहाणी होती, म्हणली मावशी (मला मावशी!), डोक्याला तेल लावता ना, बोट केसातून फिरवा आणि मग टेकवा. चौथ्यांदा घेतलं.

त्या रांगेत मी बघत होते, दहातल्या सहासात बायांचं दुखणं माझंच होतं. कुणाच्या आधारला दिराचा नंबर, कुणाच्या आधारला मेलेल्या सासऱ्याचा, एकीच्या आधारला गावातल्या दुकानदाराचा, कारण शिबिरात त्यानंच सगळ्यांचे फॉर्म भरले होते. पर्स हरवायच्या आधी त्यांना हे कळलं हे बरंच झालं म्हणायचं. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं आजच बघा, आधारच्या साईटवर लॉगिनला कोणत्या नंबरला ओटीपी जातो तेवढं. केंद्रावर जाणं जमत नसेल तर पोस्टमनकडूनपण मोबाईल अपडेट होतं, पोस्टाच्या पेमेंट बँकेचं मशीन असतं त्याच्याकडं. आमच्या गल्लीत आत्याबाईंचं मग तसंच केलं, ओट्यावर बसून. पोस्टमनला चहा पाजला.

मोबाईल लागला आणि सगळ्या कुलुपाला एकच चावी असल्यागत झालं. आधारचं कार्ड मागवलं. मोबाईलवर कागद ठेवायचं सरकारी डिजिलॉकर उघडलं, त्यात लायसन उतरवता आलं, ते पोलिसाला दाखवलं तरी चालतं, ओरिजिनलसारखंच धरतात. तरी मी परिवहनच्या साईटवर डुप्लिकेटला अर्ज टाकला, एमएच 22 चं स्मार्टकार्ड हातात असलं की बरं वाटतं. मतदान कार्डाला फॉर्म नंबर 8 ऑनलाईन भरला, तोवर मोबाईलवर ई-एपिक, म्हणजे त्याच कार्डाची डिजिटल प्रत, उतरवून घेतलं. संचार साथी नावाच्या साईटवर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसतं, तेपण बघितलं, कारण माझं आधार कुणाच्या हातात आहे काय माहीत. एकच होतं, माझंच.

तहसीलच्या आवारातली गंमत सांगायची राहिली. आधारवर सासरचं नाव, उताऱ्यावर माहेरचं, म्हणून जातीच्या दाखल्याला दोन्ही बाया एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र लागतं. म्हणजे मी आणि मी एकच आहे हे मी शपथेवर सांगायचं. बाहेर बसलेला म्हणला पाचशेचा स्टॅम्प घ्या. शंभरच्यावर ऑक्टोबर 2024 पासून भागत नाही, त्यामुळं कमीत कमी पाचशेच. मी पैसे काढायले तर मागच्या बाईनं कोपर मारलं. दाखल्यासाठी तहसीलला द्यायच्या प्रतिज्ञापत्राला स्टॅम्प लागत नाही, साध्या कागदावर चालतं, सरकारनं माफ केलेलंय कधीचं. आत जाऊन विचारलं तर खरंच. बाहेर येऊन त्या स्टॅम्पवाल्याकडं बघितलं तर तो वर आभाळाकडं बघायलेला.

उतारा मात्र सगळ्यात पटकन मिळाला, ज्याची सगळ्यात जास्ती धास्ती होती. शाळा उघडल्यावर भाऊ गेला, गुरुजींनी दहा मिनिटांत काढून दिला. 2023 ला कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती बसली तेव्हापासून जुन्या नोंदी बघायला इतकी माणसं शाळेत येऊन गेलीत की फाटकी रजिस्टरं चिकटवून, वर्षावार लावून, वर खडूनं साल टाकून कपाटात बसलीत. आधी माळ्यावर उंदरं खायलती त्यांना. उताऱ्यावर माझं नाव, बप्पांचं म्हणजे वडलांचं नाव, जन्मतारीख 1 जून. आमच्या वर्गात अर्ध्या पोरांची 1 जून आहे, गुरुजींना सोपं जायचं.

आता पॅन. त्याचं रीप्रिंट 50 रुपयात होतं, कार्ड मागवलं आणि घरी वाट बघत बसले. पंधरा दिवस झाले, तीन आठवडे झाले. मग बप्पांचा फोन आला.

झालं असं की पॅनचं कार्ड इन्कम टॅक्सकडं जो पत्ता आहे तिथंच जातं, आणि माझा पॅन लग्नाआधीचा, आधारला जोडला तेव्हासुद्धा आधार माहेरच्याच नावावर होतं, त्यामुळं तिथं आजतागायत सगळं माहेरचं. पोस्टमन कार्ड घेऊन गावात गेला आणि माझं माहेरचं नाव पुकारत वेशीपासून घरापर्यंत आला. बारा वर्षांत त्या नावानं मला गावात कुणी हाक मारली नाही, माहेरी आले तरी "परभणीची लेक आली" म्हणतात.

बप्पा फोनवर म्हणले, "तुझं नाव तर बरोबर हाय की गं. माझंबी हाय. मग बदलायचं काय?"

मी त्यांना समजावून सांगायला लागले की नाव बदलायचा वेगळा अर्ज असतो, सासरचं नाव लागलं तरी पॅन नंबर तोच राहतो. सांगता सांगता मलाच आठवलं, पॅनच्या दहा अक्षरांतलं चौथं पी असतं, म्हणजे पर्सन, आणि पाचवं अक्षर पॅन काढताना जे आडनाव होतं त्याचं पहिलं अक्षर. माझं इंग्रजी 'जे' आहे. उद्या आडनाव बदलून नवीन कार्ड आलं तरी वर सासरचं नाव आणि खाली नंबरात ते 'जे' तसंच राहणार. बप्पांना हे सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणले, "मग ऱ्हाऊ दे की."

कार्ड त्यांनी देवळीत ठेवलंय, समईच्या मागं. भाऊ म्हणतोय कुरिअर करतो, मी नको म्हणलं, संक्रांतीला मीच येते घ्यायला. अर्ज काय, नंतरपण करता येईल.