तुम्ही विचारलंत म्हणून: सिगेत आणि सपन्त्सा

मी रोमानियाला जाऊन आले हे कळले की लोक हमखास विचारतात, "ड्रॅक्युलाच्या नावाने गाजलेला ब्रानचा किल्ला सोडून तुम्ही त्या सिगेतमध्ये सहा दिवस काय केलेत?" याचे उत्तर द्यायचे, तर मला दोन दफनभूमींविषयी सांगावे लागते.

सिगेत हे मारामुरेश भागातले, तिसा नदीकाठचे लहान शहर. नदीपलीकडे युक्रेन लागतो. भोवतीच्या खोऱ्यांत कोरीव लाकडी वेशी आहेत, गवताच्या उंच गंजी आहेत आणि लाकडी चर्च आहेत, ज्यांतली आठ १९९९ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. हे सारे सुंदरच आहे, पण माझा पाय अडला तो सपन्त्सा या गावात.

तिथे स्तान योआन पत्राश या कारागिराने १९३५ च्या सुमारास थडग्यांवरचे ओक लाकडाचे क्रूस कोरायला आणि गडद निळ्या रंगात रंगवायला सुरुवात केली. प्रत्येक क्रूसावर त्या माणसाचे चित्र आणि खाली गावच्या बोलीतल्या चार-सहा ओळी असतात, ज्यांत गेलेले माणूस स्वतःच आपली हकीकत सांगते. सूत कातणारी बाई, मेंढ्या राखणारा धनगर, ट्रॅक्टरवर बसलेला शेतकरी, मोटारीखाली सापडलेले पोर. एका क्रूसापाशी मी बराच वेळ उभी होते: मागावर बसलेल्या बाईचा हात धोट्यावर होता, पावसाने तिच्या ओढणीचा रंग उडाला होता आणि त्याखाली पटाशीच्या खुणा स्पष्ट दिसत होत्या. पत्राश १९७७ साली वारले. पुढे त्यांचे शिष्य दुमित्रु पोप यांनी हे काम चालू ठेवले.

तिथून जेमतेम १८ किलोमीटरवर सिगेतचा तुरुंग आहे. १९५० ते १९५५ या काळात कम्युनिस्ट राजवटीने माजी मंत्री, बिशप आणि विद्वान यांना तिथे कोंडले. माजी पंतप्रधान यूलिऊ मानिऊ १९५३ साली तिथेच वारले. पन्नासहून अधिक कैदी दगावले आणि त्यांना गुपचूप, कोणतीही खूण न ठेवता पुरण्यात आले. ज्या मुलखात साध्या विणकरणीच्याही मरणाची नोंद लाकडावर होते, तिथेच राज्यकर्त्यांनी माणसांची थडगीसुद्धा पुसून टाकली, हे मला फार लागले. कवयित्री आना ब्लान्दियाना यांच्या पुढाकाराने आज त्या इमारतीत स्मारक आहे आणि अंगणातल्या उताराच्या भिंतींवर देशभरच्या तुरुंगांत व छावण्यांत मेलेल्या हजारो कैद्यांची नावे कोरलेली आहेत.

शेवटच्या दिवशी मी शहराबाहेरच्या गरिबांच्या दफनभूमीत गेले. कोणाला नेमके कुठे पुरले ते सापडत नाही, म्हणून तिथल्या मोकळ्या जागेत देशाच्या सीमारेषेच्या आकारात झाडे लावली आहेत. त्या रेषेवरून मी एक पूर्ण फेरी चालले.